पत्रा भिंतीला लागला की मशीनला? चाकणच्या एका शेडचं जीएसटी प्रकरण

प्रकरण २०२३ चं आहे, पण अजूनही दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं की शेड बांधताना भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे विक्रीवरच्या टॅक्समधून वजावट, कशावर मिळतं आणि कशावर नाही, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय. पार्टीचं नाव सांगत नाही, आकडे ओळख लागू नये म्हणून थोडे बदललेत, हिशोबाची रीत मात्र जशीच्या तशी.

चाकण एमआयडीसीतला कारखाना, पत्र्याचे प्रेस पार्ट बनवतात, गिऱ्हाईक म्हणजे गाड्यांच्या कंपन्यांना माल देणारे मोठे सप्लायर. जुनी शेड अपुरी पडायला लागली म्हणून मालकांनी शेजारच्याच प्लॉटवर नवीन शेड काढली आणि एकदाच खर्च करायचाय तर नीट करू म्हणून बरंच सामान बाहेरच्या देशातून मागवलं. एक मोठा प्रेस, एक ओव्हरहेड क्रेन, भिंती आणि छपराला लावायचे इन्सुलेटेड पॅनल, आणि खालून वर पॅकिंगच्या माळ्यावर माल न्यायला एक गुड्स लिफ्ट. सगळं डिसेंबर २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये न्हावा शेवाला उतरलं. शेडचं बांधकाम इथल्याच कॉन्ट्रॅक्टरला, दीड कोटीचं काम, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २७ लाख टॅक्सच.

मालक माझ्याकडं आले ते दसऱ्याच्या आठवड्यात, ऑक्टोबर २०२३. कारण वेगळंच होतं, बँकेला प्रोजेक्ट रिपोर्ट द्यायचा होता आणि त्यात शेडची किंमत किती दाखवायची यावर त्यांच्या अकाउंटंट काकांचं आणि बँकवाल्यांचं जुळत नव्हतं. मी खतावणी उघडली आणि पहिल्या दहा मिनिटांत कळलं की किंमत चुकलीय कारण टॅक्स चुकलाय.

काकांनी काय केलं होतं, तर दोन सरळ नियम मनात धरले होते. बांधकाम कॉन्ट्रॅक्टरचं बिल आलं की क्रेडिट नाही, ते ब्लॉक आहे, म्हणजे कायद्यानंच बंद. आणि इम्पोर्टचं बिल ऑफ एंट्री (माल सोडवताना कस्टमला द्यायचा कागद) आलं की क्रेडिट आहे, कारण ते आपोआप जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टलवर दिसणाऱ्या क्रेडिटच्या यादीत, येतंच. दोन्ही नियम ऐकायला बरोबर वाटतात ना? दोन्ही अर्धेच बरोबर आहेत. त्यामुळं झालं असं की जे घ्यायला नको होतं ते घेतलं गेलं आणि जे हक्काचं होतं ते सोडलं गेलं, एकाच शेडमध्ये.

आधी बंदरावर काय होतं ते बघू, कारण तिथूनच गैरसमज सुरू होतो. बाहेरून माल आला की कस्टम ड्युटी लागते ती वेगळी आणि आयजीएसटी, म्हणजे इथं आयातीवरचा जीएसटी, लागतो तो वेगळा. आयजीएसटी कशासाठी, तर इथं बनलेल्या मालावर जेवढा जीएसटी बसतो तेवढाच बाहेरच्या मालावरही बसावा, नाहीतर इथला कारखानदार उगाच मार खाईल. व्हॅट म्हणा नाहीतर जीएसटी म्हणा, माल जिथं वापरला जातो तिथं टॅक्स, हे तत्त्व. निर्यात करणारा देश आपला टॅक्स सोडून देतो, आयात करणारा देश आपला लावतो. आणि तो लावायचा कशावर, तर नुसत्या मालाच्या किमतीवर नाही, मालाची किंमत, जहाजाचं भाडं, विमा, वर कस्टम ड्युटी, ड्युटीवरचा सोशल वेल्फेअर सरचार्ज, हे सगळं धरून जी रक्कम होईल तिच्यावर. कस्टम्स टॅरिफ ॲक्टच्या कलम ३ मध्ये पोटकलम ७ आणि ८ ला हे दिलंय.

प्रेसचंच बघा. कस्टमने धरलेली किंमत २ कोटी. त्यावर साडेसात टक्के बेसिक ड्युटी म्हणजे १५ लाख. त्या १५ लाखावर दहा टक्के सरचार्ज, दीड लाख. झाले २ कोटी साडेसोळा लाख. आता ह्यावर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे ३८,९७,०००. बरेच जण २ कोटीवर १८ टक्के लावून ३६ लाख येतात म्हणून बसतात आणि मग बँकेत पैसे कमी पडतात. क्रेनची किंमत ६० लाख, तसाच हिशोब, आयजीएसटी ११,६९,१००. पॅनलवर ९ लाख ४० हजार, लिफ्टवर ५ लाख २० हजार. एकूण ६५,२६,१०० रुपये फक्त आयजीएसटी. ड्युटी आणि सरचार्जचं क्रेडिट कधीच नसतं, ते मालाच्या किमतीतच जातं, त्यावर वाद नाही.

(जाता जाता एक, जहाजाच्या भाड्यावर पूर्वी इम्पोर्टरला वेगळा ५ टक्के आयजीएसटी रिव्हर्स चार्जने, म्हणजे सेवा देणाऱ्याऐवजी घेणाऱ्यानं, भरायला लावायचे. भाडं धरूनच माल घेतलाय, त्या भाड्यावर बंदरात एकदा टॅक्स गेलाच आहे, तरी परत. सुप्रीम कोर्टानं १९ मे २०२२ ला मोहित मिनरल्सच्या केसमध्ये ते उडवलं, त्यामुळं ह्या प्रकरणात ती भानगड नव्हती.)

हे ६५ लाख बिल ऑफ एंट्रीवर जीएसटी नंबर टाकलेला असल्यामुळं २बी मध्ये आले. काकांनी बघितलं, २बी मध्ये आहे म्हणजे मिळतंय, सगळं ३बी मध्ये, म्हणजे दर महिन्याच्या रिटर्नमध्ये, टाकलं. माझं म्हणणं एवढंच की २बी ला काय माहीत पॅनल भिंतीला लागलं की मशीनला? त्याला फक्त एवढं माहीत असतं की ह्या नंबरवर एवढा टॅक्स भरला गेलाय. बंदरावर प्रेसवर लागतो तोच टॅक्स पॅनलवर लागतो, कस्टमवाल्याला फरक नाही. तो पैसा परत मिळणार की शेडच्या किमतीत गाडला जाणार हे ठरतं साइटवर, वस्तू जिथं बसवली जाते तिथं.

आता जीएसटी कायद्याचं कलम १७(५), कशाचं क्रेडिट मिळत नाही ते सांगणारं. ह्यात दोन पोटकलमं बांधकामाची, (सी) आणि (डी). (सी) म्हणतं की स्थावर मालमत्ता बांधायला वर्क्स कॉन्ट्रॅक्टची, म्हणजे मालासकट काम करून द्यायची, सेवा घेतली तर क्रेडिट नाही, अपवाद प्लांट आणि मशिनरीचा, आणि दुसरा अपवाद म्हणजे तुम्ही स्वतःच पुढं वर्क्स कॉन्ट्रॅक्ट देणारे असाल तर, म्हणजे मेन कॉन्ट्रॅक्टर सब-कॉन्ट्रॅक्टरच्या बिलाचं क्रेडिट घेऊ शकतो. (डी) म्हणतं की स्वतःसाठी स्थावर मालमत्ता बांधायला तुम्ही माल घ्या नाहीतर सेवा घ्या, क्रेडिट नाही, धंद्यासाठी बांधत असलात तरी नाही. आणि बांधकाम म्हणजे फक्त नवीन नाही, दुरुस्ती, फेरफार, वाढीव काम, जेवढं भांडवली खात्यात टाकलं तेवढं सगळं आलं.

मालकांचा युक्तिवाद मी ऐकला आणि खरं सांगायचं तर मला तो आवडला. ते म्हणाले, "सर, पॅनल मी कॉन्ट्रॅक्टरकडून घेतलेच नाहीत, मी स्वतः मागवले, माझ्या नावावर बिल ऑफ एंट्री आहे. त्यानं फक्त लावून दिले. म्हणजे माझ्या बाजूनं हा माल झाला, काम नाही." डोकं बरोबर चालतंय, पण अर्ध्या वाटेपर्यंत. (सी) मधून सुटले, (डी) मध्ये अडकले. (डी) लिहिलंय ते नेमकं अशाच माणसासाठी, जो माल स्वतः आणून गवंड्याला देतो. कॉन्ट्रॅक्टरनं पॅनल आणले असते तर काय झालं असतं? त्याला बंदरावरच्या ९ लाख ४० हजाराचं क्रेडिट मिळालं असतं कारण तो पुढं वर्क्स कॉन्ट्रॅक्टवर टॅक्स लावतो, मग त्यानं पॅनलची किंमत अधिक स्वतःचा नफा ह्यावर १८ टक्के लावून मालकांना बिल दिलं असतं आणि ते मालकांकडं ब्लॉक झालं असतं. दोन्हीकडून पैसा अडकतोच, स्वतः आणल्यानं फक्त कॉन्ट्रॅक्टरचा नफा आणि त्या नफ्यावरचा टॅक्स वाचला, तेवढा फायदा खरा.

इथं आणखी एक भीती होती ती मालकांना नव्हती, मला होती. मालकांनी फुकट दिलेल्या पॅनलची किंमत कॉन्ट्रॅक्टरच्या बिलात मिळवून त्यावरही टॅक्स मागितला तर? सर्व्हिस टॅक्सच्या काळात हा मोठा वाद होता आणि सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०१८ मध्ये भयाना बिल्डर्सच्या केसमध्ये सांगितलं की गिऱ्हाईकानं फुकट दिलेला माल किमतीत धरायचा नाही. जीएसटीत मात्र कलम १५(२)(बी) आहे, जो खर्च करायची जबाबदारी करारानं सप्लायरची होती पण केला गिऱ्हाईकानं, तो किमतीत मिळवायचा. म्हणून सगळं करारावर येतं. वर्क ऑर्डर मागवून बघितली, त्यात स्पष्ट लिहिलं होतं की पॅनल मालक देणार, कॉन्ट्रॅक्टरकडं फक्त बसवणं. सुटलो. हे वाक्य नसतं तर कॉन्ट्रॅक्टरच्या मानेवर बसलं असतं आणि त्यानं ते मालकांच्या मानेवर ढकललं असतं.

तर पॅनलचे ९ लाख ४० हजार परत करायचे हे पक्कं. प्रेसचे ३८ लाख ९७ हजार बिनधास्त, तो प्लांट आणि मशिनरीच. क्रेनही तशीच, कारण कलम १७ च्या स्पष्टीकरणात व्याख्या दिलीय की जमिनीला फाउंडेशननं किंवा स्ट्रक्चरल सपोर्टनं पक्कं केलेलं उपकरण, यंत्र, जे विक्रीचा माल बनवायला वापरतात, आणि त्यात ते फाउंडेशन आणि सपोर्टही धरायचे. फक्त जमीन, इमारत, इतर सिव्हिल स्ट्रक्चर, टेलिकॉम टॉवर आणि कारखान्याबाहेरची पाइपलाइन वगळायची.

"ते फाउंडेशन आणि सपोर्टही धरायचे", हे वाक्य परत वाचा. काकांनी कॉन्ट्रॅक्टरचे २७ लाख पूर्ण सोडून दिले होते. पण त्या दीड कोटीच्या कामात प्रेसचा पिट होता, त्याखालचं आरसीसी फाउंडेशन होतं, क्रेन ज्यांच्यावरून धावते ते गॅन्ट्री गर्डर आणि त्यांचे ब्रॅकेट होते. हे सगळं (सी) च्या बाहेर आहे कारण (सी) मध्येच प्लांट आणि मशिनरीचा अपवाद लिहिलाय. कॉन्ट्रॅक्टरनं बिलं मात्र "शेड काम, आरए बिल नं. ३" अशीच दिलेली, एका ओळीत (आरए म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्यानं दिलेलं बिल). बिलाची तारीख फेब्रुवारी-मार्च २०२३. आणि २०२२-२३ च्या बिलांचं राहिलेलं क्रेडिट घ्यायची शेवटची मुदत कलम १६(४) प्रमाणं ३० नोव्हेंबर २०२३. म्हणजे हातात एक महिना, आणि मध्ये दिवाळी.

खरी धावपळ ही झाली. सुदैवानं कॉन्ट्रॅक्ट आयटम रेटचं होतं, लमसम नाही, म्हणजे बीओक्यू (कामांची यादी) मध्ये प्रत्येक कामाचा दर वेगळा आणि मेजरमेंट बुकात मापं वेगळी. साइट इंजिनिअरला पकडलं तर तो दिवाळीला गावी गेलेला, मेजरमेंट बुक त्याच्या कपाटात, कपाटाची किल्ली त्याच्या खिशात. भाऊबीज उरकून तो आला तेव्हा दोन दिवस बसून आम्ही प्रत्येक आरए बिल फोडलं. प्रेसचा पिट आणि फाउंडेशन २२ लाख, गॅन्ट्री गर्डर, ब्रॅकेट वगैरे ८ लाख. एकूण ३० लाखाच्या कामावर १८ टक्के, ५ लाख ४० हजार क्रेडिट, निम्मं सीजीएसटी (केंद्राचा जीएसटी) निम्मं एसजीएसटी (राज्याचा).

कॉलमवरून मालकांशी थोडी खटपट झाली. शेडचे मुख्य कॉलम छपरही पेलतात आणि क्रेनही पेलतात, क्रेन नसती तर कॉलम एवढे जाड लागलेच नसते. मालकांचं म्हणणं की जाडीचा फरक तरी क्रेनचा धरा. इंजिनिअरनं डिझाइन काढून दाखवलंही असतं. मी नको म्हणलं. कॉलम हा शेवटी इमारतीचा भाग आणि इमारत व्याख्येतून सरळ वगळलेली, तिथं जाडीच्या हिशोबावर भांडायला जायचं तर वकिलाची फी त्या क्रेडिटपेक्षा जास्त होईल. क्रेनसाठी वेगळे कॉलम उभे केले असते, शेडच्या कॉलमला न टेकता, तर मी नक्की घेतलं असतं. पुढच्या शेडला डिझाइनरला हे आधी सांगा म्हणून सांगितलं, पण वेगळे कॉलम म्हणजे जागा जाते, स्टीलही जास्त लागतं, त्यामुळं टॅक्स वाचवायला कॉलम वाढवणं हा पण शहाणपणा नाही, हेही सांगितलं.

कलम १६(३) पण बघावं लागलं. टॅक्सची रक्कम मालमत्तेच्या किमतीत धरून त्यावर इन्कम टॅक्समध्ये घसारा घेतला असेल तर त्या टॅक्सचं क्रेडिट मिळत नाही, एकाच रुपयावर दोन फायदे नाहीत. काकांनी पूर्ण २७ लाख शेडच्या किमतीत टाकले होते. पण शेड वापरात आली एप्रिल २०२३ मध्ये, ३१ मार्चला ती चालू भांडवली कामातच पडून होती, घसारा घेतलाच नव्हता. महिनाभर आधी उद्घाटन झालं असतं तर ५ लाख ४० हजार गेले होते किंवा इन्कम टॅक्सचं रिटर्न रिवाइज करत बसलो असतो. उद्घाटन का लांबलं तर लाइटचं कनेक्शन मिळत नव्हतं. असो.

आता लिफ्ट, आणि ह्याच्यावर माझं मन अजून पूर्ण मानत नाही. गुड्स लिफ्ट आहे, माणसं तिच्यातून जात नाहीत, तयार पार्ट खालून माळ्यावर पॅकिंगला जातात. कारखान्यात कन्व्हेयर बेल्ट असता तर कुणी विचारलं नसतं, तो मशिनरीच. उभा कन्व्हेयर म्हणजे लिफ्ट, असं मी स्वतःलाच म्हणत होतो. पण मध्य प्रदेशच्या ॲडव्हान्स रूलिंगवाल्यांनी (टॅक्सचा प्रश्न आधीच विचारून निर्णय घ्यायची सरकारी सोय) २०२० मध्ये एका हॉटेलच्या बाबतीत सांगितलं की लिफ्ट बसवली की ती इमारतीचा भाग होते, क्रेडिट नाही, आणि महाराष्ट्रातही एका सोसायटीच्या लिफ्टबाबत निकाल तसाच लागला. ॲडव्हान्स रूलिंग फक्त ज्यानं विचारलं त्याला आणि त्याच्या अधिकाऱ्याला बांधील असतं, सगळ्यांना नाही, आणि हॉटेलची लिफ्ट नि कारखान्याची गुड्स लिफ्ट एक नाही, हे खरं. पण ऑडिटला येणारा ऑफिसर तेच रूलिंग टेबलावर ठेवणार हेही खरं. मालकांना दोन्ही बाजू सांगितल्या. ते म्हणाले, "सव्वापाच लाखासाठी पाच वर्षं झोप नको घालवायला, उलटवून टाका." उलटवलं. मी असतो तर भांडलो असतो, पण पैसा त्यांचा.

म्हणजे उलटवायचे एकूण १४ लाख ६० हजार, नवीन घ्यायचे ५ लाख ४० हजार.

पुढचा प्रश्न व्याजाचा. मालकांना वाटलं मार्चपासून आठ महिन्यांचं १८ टक्क्यानं व्याज, म्हणजे दीड-पावणेदोन लाख. इथं कायदा आपल्या बाजूनं आहे आणि बऱ्याच जणांना माहीत नाही. कलम ५०(३) जुलै २०१७ पासून मागच्या तारखेनं बदललंय, चुकीचं क्रेडिट नुसतं घेतलं म्हणून व्याज नाही, घेतलं आणि वापरलं तरच. वापरलं कधी म्हणायचं हे नियम ८८बी मध्ये आहे, इलेक्ट्रॉनिक क्रेडिट लेजरची, म्हणजे पोर्टलवरच्या क्रेडिटच्या खात्याची, शिल्लक चुकीच्या क्रेडिटच्या खाली गेली की जेवढी खाली गेली तेवढं वापरलं. आणि १७ जुलै २०२३ च्या सर्क्युलर १९२ मध्ये स्पष्ट केलंय की आयजीएसटीचं चुकीचं क्रेडिट असेल तर शिल्लक बघताना आयजीएसटी, सीजीएसटी, एसजीएसटी तिन्हींची बेरीज बघायची. प्रेस आणि क्रेनचं मोठं क्रेडिट पडून असल्यामुळं ह्यांच्या लेजरला महिनोन्‌महिने शिल्लक भरपूर होती. ऑगस्टचं रिटर्न २० सप्टेंबरला भरलं तेव्हा पहिल्यांदा १४ लाख ६० हजाराच्या खाली गेली, १० लाख १० हजारावर आली आणि नंतर त्याच्या खाली गेली नाही. म्हणजे वापर साडेचार लाखांचा, २० सप्टेंबर ते २० नोव्हेंबर ६१ दिवस, १८ टक्के, व्याज १३,५३७ रुपये. मालकांनी दोनदा विचारलं की नक्की एवढंच का.

हे सगळं ऑक्टोबरच्या ३बी मध्ये बसवलं, जे २० नोव्हेंबरला भरायचं होतं. कलम १७(५) चं उलटवणं तक्ता ४(बी)(१) मध्ये जातं, ४(बी)(२) मध्ये नाही, तिथं परत घेता येणारं तात्पुरतं उलटवणं टाकतात. चुकून दुसऱ्या खान्यात टाकलं तर पोर्टलला वाटतं तुम्ही पुढं कधीतरी परत घेणार आहात, आणि मग एक वेगळंच खातं तयार होतं जे जुळवताना जीव जातो. नोटीस यायच्या आधीच स्वतःहून केल्यामुळं दंडाचा प्रश्न आला नाही.

आणि हे आवरतोय म्हणेपर्यंत अजून एक निघालं. प्रेस बसवायला बाहेरून दोन इंजिनिअर आले होते, तीन आठवडे राहिले, बसवणं आणि चालू करून देणं ह्याचं वेगळं बिल ६ लाख, एप्रिल २०२३ मध्ये बँकेतून पाठवलेले. काकांना वाटलं ते प्रेसच्या किमतीतलंच, बंदरावर टॅक्स गेला की. नाही गेला, कारण बिल वेगळं होतं, कस्टमनं ते किमतीत धरलंच नव्हतं. ही बाहेरच्या देशातून घेतलेली सेवा, रिव्हर्स चार्ज, १८ टक्क्यानं १ लाख ८ हजार मालकांनीच भरायचे, तेही रोखीनं, क्रेडिटमधून नाही. भरल्यावर त्याच रिटर्नमध्ये क्रेडिट मिळतं कारण काम मशिनरीचं आहे. एका हातानं द्या दुसऱ्या हातानं घ्या, पण मधल्या १८४ दिवसांचं व्याज ९,८०० रुपये गेलेच. इथं "वापरलं तरच व्याज" वाली सवलत नाही, हा न भरलेला टॅक्स आहे, चुकीचं क्रेडिट नाही.

जुन्या लोकांना हे सगळं ऐकून हसू येतं. आमच्या ऑफिसातले एक ज्येष्ठ म्हणतात, तुम्हाला निदान एकच कायदा बघायचाय. २००५ ते २०१७ मध्ये महाराष्ट्र व्हॅट होता तेव्हा बंदरावर काउंटरव्हेलिंग ड्युटी (इथल्या एक्साइजच्या बरोबरीची) आणि वर ४ टक्के स्पेशल ॲडिशनल ड्युटी, ती केंद्राची, आणि राज्याच्या व्हॅटमध्ये तिचं क्रेडिट नाही. बांधकामाचं बिल फोडून मालावर व्हॅट, मजुरीवर सर्व्हिस टॅक्स, आणि तेच सिमेंट दोन्हीकडं थोडं थोडं मोजलं जायचं. त्याच्याही आधी तर बांधकामावर विक्रीकर लागतच नव्हता, १९५८ मध्ये गॅनन डंकर्लीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं की इमारत बांधून देणं म्हणजे विटा-सिमेंट विकणं नव्हे, मग १९८२ मध्ये ४६ वी घटनादुरुस्ती करून तो टॅक्स आणला. आता जीएसटीत वर्क्स कॉन्ट्रॅक्ट सरळ सेवाच धरलीय, फोडाफोडी संपली. क्रेडिटची मारामारी तेवढी राहिली.

बँकेला शेवटी शेडची नवीन किंमत गेली, पॅनल आणि लिफ्टचा टॅक्स वाढवून, फाउंडेशनचा कमी करून, फाउंडेशन शेडमधून काढून प्रेसच्या खात्यात टाकून. बँकवाल्याला एवढ्या ओळी कशाला ते कळेना, पण बेरीज जुळली म्हणून गप्प बसला.

मला वाटलं फाइल बंद झाली. वर्षभरानं, ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाचा सफारी रिट्रीट्सचा निकाल आला आणि संध्याकाळी मालकांचा फोन. भुवनेश्वरच्या मॉलची केस. कोर्टानं दाखवून दिलं की (सी) मध्ये "प्लांट आणि मशिनरी" असं आहे पण (डी) मध्ये "प्लांट किंवा मशिनरी" असं आहे, आणि कलमातली व्याख्या "आणि" वाल्या शब्दांची आहे, "किंवा" वाल्यांची नाही. म्हणून (डी) साठी एखादी इमारत त्या धंद्यात प्लांटसारखं काम करते का हे प्रत्येक केसमध्ये बघावं लागेल. मालकांनी बातमी नीट वाचली होती. म्हणाले, "सर, पॅनल मी स्वतः आणले म्हणून (डी) मध्ये पडले ना? मग आता कॉन्ट्रॅक्टरचे गेले तरी पॅनलचे मिळतील." हिशोब चुकीचा नव्हता! स्वतः इम्पोर्ट केल्याचा उपयोग दोन वर्षांनी असा होऊ शकत होता. पण कारखान्याची शेड म्हणजे आत मशीन ठेवायची जागा, ती स्वतः प्लांट आहे हे सिद्ध करणं अवघड, आणि उलटवलेलं क्रेडिट परत घ्यायची मुदतही गेलेली. थांबा म्हणलं. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी काउन्सिलची ५५ वी बैठक झाली, त्यात ठरलं की तो "किंवा" चुकून पडलाय, आणि २०२५ च्या वित्त कायद्यानं त्या जागी "आणि" घातला, १ जुलै २०१७ पासूनच घातला असं समजून. झालं.

बजेटनंतर परत फोन आला. चिडलेले नव्हते, थकलेले होते. म्हणाले, "बरं, मग हेच पॅनल उद्या उतरवून भंगारात विकले तर त्यावर तरी जीएसटी नाही ना लागणार? क्रेडिट तर मी घेतलंच नाही."

लागणार म्हणलं. घेताना क्रेडिट मिळालं नसलं तरी धंद्यातला माल विकला की टॅक्स लावायचा.

पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही, मग म्हणाले, "राहू द्या मग भिंतीलाच."